बॉम्ब कॅलरीमीटर फायर होत नाही, झालाच तर रीडिंग जुळत नाही: कुठून तपासायचं

कोळसा, बगॅस, भुशाच्या ब्रिकेट, पेटकोक, मधूनच फूड टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांची बिस्किटं आणि शेंगदाणे. बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये जाळता येण्यासारखं बहुतेक सगळं जाळून झालंय. नमुना दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये जाळून किलोला किती किलोकॅलरी उष्णता निघते, ते हे यंत्र मोजतं. यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, तक्रार ठरलेली असते: "साहेब, मशीन गेलं. काल ४२०० दाखवत होतं, आज त्याच कोळशाला ४०५० दाखवतंय." मशीन क्वचितच गेलेलं असतं. बॉम्ब म्हणजे शेवटी जाड स्टेनलेस स्टीलचं भांडं, त्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं. घोळ असतो तो नमुना पेटवणाऱ्या दहा सेंटीमीटरच्या वायरीत, दमट झालेल्या नमुन्यात, कमी भरलेल्या ऑक्सिजनमध्ये नाहीतर अंदाजाने ओतलेल्या पाण्यात. म्हणून सर्व्हिसवाल्याला फोन लावण्याआधी खालच्या क्रमाने जा. आधी फुकटातलं, मग दहा-वीस रुपयांचं, शेवटी महागातलं.

हे सगळं हाताने चालवायच्या आणि अर्ध-स्वयंचलित यंत्रांसाठी आहे: बकेटमध्ये दोन लिटर पाणी, त्यात बॉम्ब, वर स्टरर (पाणी ढवळणारं पातं) आणि बेकमन थर्मामीटर (तापमानातला बारीक फरक दाखवणारा) किंवा डिजिटल प्रोब. पूर्ण ऑटोमॅटिक यंत्राचं तत्त्व हेच, फक्त आत हात घालायला जागा कमी.

लक्षणं

"रीडिंग चुकतंय" एवढ्यावर काही कळत नाही. नेमकं काय होतंय ते आधी ठरवा.

बटन दाबलं आणि तापमान जागचं हललं नाही, तर तो सरळ मिसफायर.

तापमान वाढलं, पण बॉम्ब उघडल्यावर क्रुसिबलमध्ये, म्हणजे नमुना ठेवायच्या वाटीत, काळा कोळ (न जळालेला भाग) राहिलाय किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला काजळी धरलीय, तर नमुना अर्धवट जळालाय. ते रीडिंग कितीही छान दिसलं तरी रद्द करा.

सगळं स्वच्छ जळतंय, पण एकाच नमुन्याच्या दोन रीडिंगमध्ये साठ-ऐंशी किलोकॅलरीचा फरक पडतोय, तर दर वेळी काहीतरी वेगळं घडतंय.

रीडिंग आपसात झकास जुळतात, पण दुसऱ्या लॅबपेक्षा सगळी सारख्याच फरकाने वर किंवा खाली आहेत, तर चूक कायमची आहे आणि बहुतेक वेळा ती यंत्रात नसून हिशोबात असते.

आणि शेवटचं, फायर करण्याआधीच बकेटचं तापमान स्थिर होत नाही.

किती फरकाला बिघाड म्हणायचं, तेही सांगतो. आयएसओ १९२८ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एकाच लॅबमध्ये एकाच कोळशाच्या दोन चाचण्यांत ग्रॅमला १२० ज्यूलपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे किलोला साधारण २९ किलोकॅलरी. ४१९० आणि ४२०५ आले म्हणून यंत्र उघडून बसू नका.

एका गोष्टीला आधी हात लावायचा नाही

ती म्हणजे वॉटर इक्विव्हॅलंट. बेंझोइक ॲसिडची उष्णता आधीच पक्की माहीत असते, म्हणून यंत्र त्यावर तपासतात. त्याचं रीडिंग कमी यायला लागलं की बऱ्याच लॅबमध्ये पहिला उपाय हाच होतो: डब्ल्यूचा, म्हणजे वॉटर इक्विव्हॅलंटचा, आकडा २३९० चा २४१० केला, रीडिंग वर आलं, काम झालं. हा उपाय मला मुळीच पसंत नाही. वॉटर इक्विव्हॅलंट म्हणजे बकेट, पाणी, बॉम्ब आणि स्टरर हे सगळं मिळून एक डिग्री तापायला लागणारी उष्णता. बॉम्ब तोच, बकेट तीच, पाणी तेवढंच, मग हा आकडा रात्रीत बदलेल कसा? बदलला असेल तर पाणी बदललंय, नाहीतर नमुना पुरता जळत नाहीये. डब्ल्यू फिरवला की बेंझोइक ॲसिडचा आकडा जुळतो, मूळ बिघाड तसाच राहतो आणि उद्याच्या कोळशात वेगळ्याच फरकाने डोकं वर काढतो. खालची सगळी यादी संपेपर्यंत तो आकडा होता तिथेच राहू द्या.

पहिली तपासणी: कागद

पैसे शून्य, वेळ दहा मिनिटं. "दुसऱ्या लॅबशी जुळत नाही" या तक्रारीतल्या निम्म्या तरी इथेच मिटतात.

दोन्ही रिपोर्टवर जीसीव्ही (किलोमागे निघणारी एकूण उष्णता) कुठल्या आधारावर, म्हणजे किती ओलावा धरून, दिलाय ते बघा. समजा एअर-ड्राइड (हवेत वाळवलेल्या नमुन्याच्या) आधारावर ४५०० आला, त्या नमुन्यातला ओलावा ६ टक्के आणि आलेल्या मालातला एकूण ओलावा १४ टक्के. ॲज-रिसीव्हड (माल आला तशा) आधारावर आणायला ४५०० ला ८६ ने गुणायचं, ९४ ने भागायचं, उत्तर ४११७. कोळसा तोच, यंत्र तेच, आणि फरक ३८३ किलोकॅलरीचा. आपल्याकडे २०१२ पासून कोळशाची ग्रेड जीसीव्हीवर ठरते आणि जी-२ पासून पुढे एकेक ग्रेड ३०० किलोकॅलरीची. म्हणजे नुसत्या आधाराच्या घोळात अख्खी ग्रेड इकडची तिकडे दिसते. ग्रेड ज्या आधारावर ठरते तो इक्विलिब्रेटेड (ठरावीक तापमानात आणि दमटपणात स्थिरावलेल्या) ओलाव्याचा, तो आणखी तिसरा. वेगवेगळ्या आधारांचे आकडे शेजारी ठेवून भांडायचं नाही.

मग बेंझोइक ॲसिडची बाटली हातात घ्या. ती सर्टिफाइड कॅलरीमेट्रिक दर्जाची हवी. साधारण ६३१८ कॅलरी प्रतिग्रॅम हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, पण हिशोबात घ्यायचा तो तुमच्या बाटलीच्या सर्टिफिकेटवरचा. साध्या रिएजंट दर्जाच्या ॲसिडवर कॅलिब्रेशन केलेलं असेल तर पुढे काही तपासण्यात अर्थ नाही.

सल्फरची दुरुस्तीही (सल्फरचं आम्ल होताना निघणारी जादा उष्णता वजा करणं) इथेच बघा. एक ग्रॅम नमुन्यात एक टक्का सल्फर असला तर सुमारे १४ कॅलरी वजा होतात. कमी सल्फरच्या कोळशात हा आकडा दहाच्या आसपास राहतो, कुणाच्या नजरेत येत नाही. पण ६ टक्के सल्फरच्या पेटकोकमध्ये तो ८० च्या वर जातो. एक लॅब सल्फर वजा करते, दुसरी करत नाही, आणि वाद मात्र यंत्रावर.

दुसरी: उघडलेल्या बॉम्बकडे बघणं

हीही फुकटच. बॉम्ब उघडून क्रुसिबल थेट सिंकमध्ये टाकायची सवय असेल तर ती मोडा, कारण यंत्र जे काही सांगतं ते इथेच सांगतं.

मात्र मिसफायर झाल्यावर घाई नको. फायर करताना आणि त्यानंतर निदान अर्धा मिनिट बॉम्बवर वाकायचं नाही. मिसफायर असेल तर आणखी काही मिनिटं जाऊ द्या, फायरिंगची वायर काढा, मगच बॉम्ब बाहेर घ्या. गॅस सावकाश सोडा, सगळा गेल्याची खात्री करा आणि त्यानंतरच झाकण फिरवा. झाकण नेहमीपेक्षा घट्ट लागतंय? मग आत अजून दाब असू शकतो. जोर लावू नका.

आता आत बघा. राख एकसारख्या रंगाची, राखाडी किंवा तांबूस असेल आणि भिंतींवर नुसते स्वच्छ पाण्याचे थेंब असतील, तर ज्वलन ठीक झालंय. राखेच्या मधोमध काळा ठिपका दिसला तर सुईने उकरून पाहा, कधी वरचा थर राख झालेला असतो आणि खाली कोळ तसाच. झाकणाला काजळी असेल तर ऑक्सिजन कमी पडलाय किंवा नमुना जास्त झालाय. क्रुसिबलच्या बाहेर, बॉम्बच्या तळाच्या पाण्यात न जळालेली भुकटी तरंगताना दिसली तर ती उडून पडलीय. ती कशी उडाली ते पुढे येतंच.

वायरीचे उरलेले तुकडेही काढून घ्या. टोकाला वितळलेले बारीक गोळे असतात, ते पकडीने दाबा. चुरा झाला तर ते ऑक्साइड, म्हणजे जळालेली वायर. चुरा न होता चपटा झाला तर ती न जळालेली वायर, ती मोजायची. प्रचलित निकेल मिश्रधातूच्या वायरीला सेंटीमीटरला २.३ कॅलरी धरतात, तुमच्या वायरीचा आकडा तिच्या पाकिटावर असतो. दहापैकी तीन सेंटीमीटर उरली तर वजा करायच्या १६ कॅलरी, २३ नव्हे.

तिसरी: वायर

मिसफायरचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि सगळ्यात स्वस्तही.

वायर इलेक्ट्रोडच्या भोकातून किंवा खाचेतून घेऊन घट्ट पीळ द्यावा लागतो. नुसती अडकवलेली वायर दाब भरताना सैल होते. इलेक्ट्रोडच्या टोकांवर काळपट थर धरलेला असतो, तो बारीक एमरी पेपरने घासून चकचकीत करा. एवढं करूनच बरेच मिसफायर थांबतात.

दुसरी चूक दिसत नाही, म्हणून जास्त छळते. वायरीचा मधला वळसा धातूच्या क्रुसिबलच्या काठाला टेकलेला असतो. क्रुसिबल एका इलेक्ट्रोडच्या कडीत बसलेली, त्यामुळे वीज तिथूनच परतते. वायरीचा एक भाग तापून तुटतो, नमुन्याशी असलेला भाग थंडच राहतो. उघडल्यावर "वायर तर जळालीय, नमुना का नाही जळाला?" असा प्रश्न पडतो. वळसा नमुन्याला हलका टेकला पाहिजे, पेलेटमध्ये (दाबून केलेल्या गोळीत) खुपसायचा नाही, आणि क्रुसिबलपासून लांब हवा. बॉम्बमध्ये झाकण उतरवताना धक्का लागून वळसा सरकतो, म्हणून झाकण सरळ आणि सावकाश उतरवा.

नमुना पेटवायला वायरीला सुती दोरा बांधत असाल तर तोही हिशोबात येतो. कापसाची उष्णता ग्रॅमला सुमारे ४१८० कॅलरी, म्हणजे दहा मिलिग्रॅम दोऱ्याला जवळपास ४२. एकाने आखूड दोरा लावला, दुसऱ्याने लांब, आणि दोघांनी वजा केला एकच ठरलेला आकडा. रीडिंग विखुरण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. एक रीळ घ्या, दहा तुकडे एकदम कापून एकत्र वजन करा आणि एका तुकड्याचं सरासरी वजन लिहून भिंतीवर चिकटवा.

चौथी: नमुना

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा, कारण विखुरलेल्या रीडिंगचं मूळ बहुतेक इथेच सापडतं.

कोळसा २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेला हवा. चाळणीवर उरलेलं फेकायचं नाही, पुन्हा दळून सगळं चाळणीखाली आणायचं. कडक दगडी भाग शेवटी दळला जातो, तो फेकला की राख कमी होते आणि जीसीव्ही उगाच वाढतो. नमुना काढण्यापूर्वी बाटली नीट हलवून चमच्याने ढवळा.

वजन एक ग्रॅमच्या आसपास, ०.१ मिलिग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर. ४२०० च्या कोळशात एक मिलिग्रॅमची चूक म्हणजे चार किलोकॅलरी. मागच्या चाचणीतून धुऊन, तापवून आणलेली क्रुसिबल कोमट असताना तराजूवर ठेवली की वरती जाणाऱ्या गरम हवेने वजन कमी दाखवलं जातं. ती डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) पूर्ण निवू द्या.

ओलाव्याचं प्रकरण वेगळंच. नमुन्यात एक टक्का ओलावा वाढला की जीसीव्ही एका टक्क्याने उतरतो, ४००० ला ४०. चंद्रपूरला मे महिन्यात उघडी राहिलेली बाटली कोरडी होत जाते. रत्नागिरी-रायगडकडे जुलैत तीच बाटली पाणी पिते. बगॅस, लाकडाचा भुसा, ब्रिकेट, गूळ, बिस्किटं यांना तर वजन करून वायर बांधेपर्यंतचा वेळही पुरतो. सकाळी ओलावा काढला आणि जीसीव्ही दुसऱ्या दिवशी दुपारी केला, तर दोन आकडे दोन वेगळ्या नमुन्यांचे झाले. ओलाव्याची आणि जीसीव्हीची वजनं एकाच बैठकीत घ्या. ओलावा ओव्हनमध्ये जात असताना बॉम्ब भरायचा. पावसाळ्यात "मशीन कमी दाखवतंय" अशी तक्रार आली की मी आधी बाटलीचं झाकण बघतो.

भुकटी की पेलेट? बेंझोइक ॲसिड नेहमी पेलेटच. बगॅस आणि भुसाही पेलेटच, नाहीतर ऑक्सिजनच्या झोताने अर्धा नमुना क्रुसिबलबाहेर. पण पेलेट दगडासारखी दाबू नका. फार घट्ट पेलेट बाहेरून पेटते, तडकते आणि तिचे तुकडे उडतात. पेटकोक, ॲन्थ्रासाइट, कोक यांची अडचण उलटी. त्यांच्यात उडणारे घटक कमी, त्यामुळे ते पेटायला कंटाळतात आणि तळाशी कोळ उरतो. नमुना कमी करा, उथळ आणि हलकी क्रुसिबल घ्या, तरी भागलं नाही तर वजन केलेलं बेंझोइक ॲसिड मिसळा आणि त्याची उष्णता हिशोबातून वजा करा. जास्त राखेच्या कोळशालाही हाच उपाय लागू पडतो.

खाद्यपदार्थवाल्यांसाठी थोडंसं

तेल, तूप जिलेटिन कॅप्सूलमध्ये जाळा आणि रिकाम्या कॅप्सूलची उष्णता आधी वेगळी काढून ठेवा. ओले पदार्थ पूर्ण वाळवून, दळून, पेलेट करूनच घ्या. शेंगदाण्याचं कूट फार दाबलं तर तेल सुटून डायला (पेलेटच्या साच्याला) चिकटतं, हलक्या हाताने दाबा. वजन कमीच ठेवा, स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमची उष्णता कोळशाच्या दुपटीवर असते.

आणि पाकिटावरच्या कॅलरीपेक्षा बॉम्बचा आकडा जास्त येतो, हा बिघाड नाही. बॉम्बमध्ये चोथाही जळतो, शरीर तो पचवत नाही. प्रथिनं बॉम्बमध्ये ग्रॅमला सुमारे ५.६५ किलोकॅलरी देतात, लेबलवर धरतात ४, कारण शरीरात त्यांचा नायट्रोजन पुरता न जळता युरियाच्या रूपाने बाहेर पडतो. स्निग्धांश ९.४ च्या जागी ९. ॲटवॉटरचे ४-४-९ (प्रथिनं, कर्बोदकं, स्निग्धांश) हे गुणक यासाठीच आहेत. डाळीच्या पिठाचं रीडिंग लेबलच्या वर आलं म्हणून प्रॅक्टिकलच्या वहीत "उपकरणदोष" लिहू नका.

पाचवी: पाणी

दोन लिटर पाणी मोजपात्राने घेता की वजनाने? मोजपात्राने घेत असाल तर हे वाचा. २० डिग्रीला दोन लिटर पाण्याचं वजन ३५ डिग्रीच्या दोन लिटरपेक्षा आठ ग्रॅमने जास्त भरतं. डिसेंबरात कॅलिब्रेशन केलं, मे महिन्यात त्याच खुणेपर्यंत पाणी भरलं, तर २४०० च्या वॉटर इक्विव्हॅलंटमध्ये आठाची घट. तापमान थोडं जास्त चढतं आणि ४२०० चा कोळसा चौदा-पंधरा किलोकॅलरीने वर दिसतो. बकेट आणि पाणी दोन्ही पेलेल एवढ्या क्षमतेचा, अर्ध्या ग्रॅमपर्यंत नेमका तराजू घ्या आणि बकेटसकट पाणी वजन करा. या यादीतली पैसे लागणारी ही पहिली वस्तू, आणि पैसे वसूल करणारी.

बकेटचा बाहेरचा भाग कोरड्या फडक्याने पुसा. तिथलं पाणी वाळताना उष्णता खातं. बकेटमधलं पाणी जॅकेटपेक्षा (बकेटभोवतीच्या आवरणापेक्षा) एक-दीड डिग्री थंड घेऊन सुरू करा. बेंझोइक ॲसिडच्या एका ग्रॅमने तापमान साधारण २.६ डिग्री चढतं, म्हणजे अर्धा वेळ जॅकेटखाली, अर्धा वर, आणि उष्णतेची देवघेव बरीचशी कटते. एसीचा झोत थेट यंत्रावर येत असेल तर यंत्र हलवा. एसी बंद करून काही साधत नाही, खोलीचं तापमान चढत गेलं की गोंधळ आणखी वाढतो.

सहावी: ऑक्सिजन

बॉम्बमध्ये दाब २५ ते ३० ॲटमॉस्फिअर. सिलेंडर संपत आला की रेग्युलेटरचा काटा २० वरच रेंगाळतो, ऑपरेटर "होईल एवढ्यात" म्हणून फायर करतो आणि झाकणाला काजळी धरते. सिलेंडरचा स्वतःचा दाब ४० च्या खाली गेला की मी तो बदलायला काढतो.

सावकाश भरा. कॉक एकदम उघडला की झोताने भुकटी उडते. तळाच्या पाण्यात तरंगणारी न जळालेली भुकटी आठवतेय ना, ती अशी उडालेली असते. चुकून दाब ४० च्या वर गेला तर फायर करू नका. दाब सोडा, बॉम्ब उघडा, नमुना पुन्हा वजन करून परत सुरुवात करा.

गॅस किमान ९९.५ टक्के शुद्ध हवा आणि पाण्याचं विद्युत विघटन करून बनवलेला नको. त्यात हायड्रोजन उरलेला असू शकतो, तो जळून रीडिंग फुगवतो. नवीन सिलेंडर जोडल्यापासून सगळी रीडिंग सारखी वर गेली असतील तर संशय इथे घ्या.

एक गोष्ट शंभर वेळा सांगितली तरी कमीच: ऑक्सिजनच्या जोडांना, रेग्युलेटरला, ओ-रिंगला, बॉम्बच्या आट्यांना तेल, ग्रीस, व्हॅसलीन काहीही लावायचं नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप पेट घेऊ शकतं. आटे कडक लागतायत म्हणून कुणी थेंबभर मशीन ऑइल सोडलं असेल, तर बॉम्ब पूर्ण साफ होईपर्यंत तो भरू नका.

सातवी: गळती

भरलेला बॉम्ब बकेटमध्ये बुडवला की वरून नीट बघा. झाकणाच्या खोबणीत अडकलेली हवा दोन-चार बुडबुडे सोडून थांबते, त्याचं काही नाही. एकाच जागेहून बारीक बुडबुड्यांची माळ सुरू राहिली तर ती गळती. फायर करायचं नाही. आतला दाब पेटल्यावर आणखी वाढतो आणि त्या फटीतून तापलेला ऑक्सिजन सुटला की सील जळून जातं.

माळ झाकणाच्या कडेने असेल तर ओ-रिंग. काढून बोटाने चाचपा, काप किंवा चपटा झालेला भाग लगेच लागतो. खोबणीत राखेचा कण अडकलेला असला तरी गळती होते, म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसून बघा. नवीन रिंग बनवणाऱ्याकडचीच. हार्डवेअरच्या दुकानातली "जवळजवळ तेवढीच" रिंग पाण्याच्या पंपाला चालेल, इथे नाही. माळ व्हॉल्व्हमधून येत असेल तर व्हॉल्व्हचं सील बदलायचं, जोराने आवळून काम भागवायचं नाही. आवळून बसकण खराब झाली की अख्खा व्हॉल्व्ह जातो.

आठवी: मल्टिमीटर

वायर नीट आहे, तरी मिसफायर होतोय, तेव्हाच इथे या. बॉम्ब उघडा, रिकामा आणि फायरिंग युनिटपासून सुटा हवा. वायर बांधलेली असताना दोन इलेक्ट्रोडमध्ये जाडीप्रमाणे दोन ते सहा ओहम दाखवायला हवेत. वायर काढल्यावर इन्सुलेट केलेला इलेक्ट्रोड आणि झाकणाचा धातू यांच्यात मीटरने जोड दाखवता कामा नये. दाखवलं तर इन्सुलेशनवर काजळी आणि आम्लाचा थर धरलाय, वीज तिथूनच पळते. डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, वाळवून पुन्हा मोजा. तरीही दाखवत असेल तर इन्सुलेटर बदलावा लागेल, ते तुमचं काम नाही.

बॉम्ब ठीक निघाला तर फायरिंगच्या लीड. पिना गंजतात, आतली तार वाकून वाकून तुटते. लीडच्या दोन टोकांची कंटिन्युइटी बघताना वायर हलवून बघा. इथवर सगळं नीट असेल तर दोष फायरिंग युनिटच्या आत.

नववी: स्टरर आणि प्रोब

फायर न करता स्टरर चालू ठेवून पाच मिनिटं दर मिनिटाला तापमान लिहा. बदल दर मिनिटाला जवळपास सारखा हवा. आकडा मागेपुढे उड्या मारत असेल तर स्टररचा पट्टा घसरतोय, पातं बकेटला घासतंय किंवा प्रोब बॉम्बला टेकलाय. पट्टा बदलणं सोपं आणि स्वस्त. बेकमन वापरत असाल तर प्रत्येक रीडिंगआधी थर्मामीटरला हलकी टिचकी मारा, पारा नळीला चिकटून राहतो. डिजिटल प्रोबच्या तोंडाशी पाणी शिरलं असेल तर आकडा हळूहळू एकाच दिशेने सरकत जातो. तो वाळवून तात्पुरता सुधारतो, पण बदलायची तयारी ठेवा.

यानंतरच कॅलिब्रेशन

आता बेंझोइक ॲसिड. कमीत कमी पाच रीडिंग, शक्यतो दोन दिवसांत विभागून. २४०० च्या यंत्रात विखुरणं ०.२ टक्क्यांच्या, म्हणजे पाचेक कॅलरीच्या आत आलं तर सरासरी घ्या. जास्त आलं तर सरासरी काढूच नका, वरचं काहीतरी सुटलंय. बॉम्बमध्ये एक मिली पाणी टाकणं, हवा आधी बाहेर काढणं की न काढणं, दोऱ्याची लांबी, हे सगळं कॅलिब्रेशनला जसं केलं तसंच रोजच्या नमुन्याला करायचं. बॉम्बमधल्या हवेतल्या नायट्रोजनचं नायट्रिक आम्ल होतं, त्याची दहाएक कॅलरीची दुरुस्ती असते. कॅलिब्रेशनला टायट्रेशन केलं आणि नमुन्यांना ठोकळ आकडा धरला तर तो फरक कायमचा हिशोबात राहतो.

कुठे थांबायचं

बॉम्बच्या आत नखाला लागतील असे खड्डे दिसले, आटे झिजलेले किंवा तिरके बसायला लागले, भांड्यावर चीर किंवा पोचा दिसला, बॉम्ब उंचावरून पडला, किंवा आत एकदा स्फोटासारखा आवाज होऊन झाकण जाम झालं, तर त्या क्षणी वापर बंद. पुन्हा एकदाही भरायचा नाही, "आजचे एवढे नमुने उरकून घेऊ" असंही नाही. असा बॉम्ब बनवणाऱ्याकडे किंवा त्याने अधिकृत केलेल्या सर्व्हिसकडे हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाने मजबुती तपासायला) जातो. गावातल्या लेथवर आटे ओढून घेणं, वेल्डिंगने खड्डा भरणं, असले उद्योग करू नका. प्लॅस्टिक मिसळलेलं आरडीएफ (कचऱ्यापासून केलेलं इंधन) किंवा क्लोरीनयुक्त काही नेहमी जाळत असाल तर स्टील लवकर खड्डे धरतं, तुमची तपासणी इतरांपेक्षा आधी हवी.

रेग्युलेटर बंद केल्यावरही बॉम्बकडचा काटा आपोआप चढत राहतो? तो रेग्युलेटर खोलायचा नाही, बदलायचा. फायरिंग युनिट, कंट्रोल बोर्ड, डिस्प्ले हेही इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या माणसाचं काम. आणि पाचही बेंझोइक ॲसिड रीडिंग स्वच्छ जळून, आपसात जुळूनसुद्धा वॉटर इक्विव्हॅलंट जुन्यापेक्षा अर्ध्या टक्क्याहून जास्त सरकला, तर प्रोबचं कॅलिब्रेशन बाहेरून करून घ्या.

सर्व्हिसवाला येईल तेव्हा त्याला नुसतं "चालत नाही" सांगू नका. शेवटची बेंझोइक ॲसिड रीडिंग, मल्टिमीटरचे आकडे, भरलेला दाब आणि शक्य असेल तर अर्धवट जळालेली क्रुसिबल समोर ठेवा, त्याचा निम्मा दिवस आणि तुमचं निम्मं बिल वाचतं. बॉम्ब दुरुस्त होऊन आला की हायड्रो टेस्टच्या सर्टिफिकेटवरचा नंबर बॉम्बवर कोरलेल्या नंबरशी ताडून घ्या आणि वॉटर इक्विव्हॅलंट नव्याने काढा. दोन बॉम्ब असतील तर दोघांचा आकडा वेगळा, झाकणांची अदलाबदल करायची नाही.